पोचल्याचा अंगठा

पाऊस त्याच्या वेळेला आला असता तर कुणी त्याला नावं ठेवली नसती. तो आला ऐन विटा वाळायच्या दिवसांत, भर दुपारी, आणि मैदानभर थापून ठेवलेल्या कच्च्या विटांचा पुन्हा चिखल करून निघून गेला. थोरला आणि थोरली प्लास्टिकचे कागद घेऊन या ओळीकडून त्या ओळीकडे धावत राहिली. वाऱ्याने कागद हातातून हिसकावून घेतले. डोळ्यांदेखत विटांचे आधी कोपरे गेले, मग कडा गेल्या, मग वीट कुठली आणि जमीन कुठली ते कळेना.

"पुरे आता!" थोरली ओरडली. "वाहून गेलेलं काय झाकता?"

थोरला तरी दोन विटा छातीशी धरून शेडकडे आला. शेडमध्ये पोचेपर्यंत त्या त्याच्या सदऱ्यावर उरल्या होत्या. एरवी ती हसली असती. त्या दिवशी तिने डोक्याचं फडकं पिळलं आणि आभाळाला अशी एक शिवी हासडली की थोरल्यानेही मान वर केली.

नवरा घरातला मोठा मुलगा म्हणून थोरला, आणि ती त्याची बायको म्हणून थोरली. खरी नावं सरकारी कागदांपुरती उरली होती. भट्टी आबांची, म्हणजे थोरल्याच्या वडिलांची. आबांनी जाण्याआधीच सांगून ठेवलं होतं की भट्टी दोन्ही मुलांची, पण चालवायची थोरल्याने. धाकट्याने तेव्हा खुशाल मान डोलावली होती. त्याला चिखलाचा कंटाळा होता. तो शहरात जाऊन इमारती बांधायला लागला आणि भट्टीशी त्याचा संबंध विटा मागवण्यापुरता राहिला. म्हातारी आई पाय गेल्यापासून त्याच्याकडेच होती, कारण त्याच्या इमारतीला लिफ्ट होती आणि भट्टीवरच्या घराला धड पायरीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी ऊन असं पडलं जणू काल काही झालंच नाही. दोघं पुन्हा कामाला लागली. दुसरं करणार काय? वितळलेला माल फावड्याने ओढून एका जागी केला, पाणी शिंपडलं आणि थोरला त्यात गुडघाभर उतरून तुडवायला लागला. तुडवलेल्या चिखलाचा गोळा थोरली दोन्ही हातांनी उचलायची, साच्यात आपटायची, वरचं जास्तीचं पट्टीने कापायची आणि साचा जमिनीवर उलटा करायची. एक वीट सुटली की पुढचा गोळा. कंबर वाकलेली ती वाकलेलीच. तिच्या बोटांच्या भेगांत चिखल जाऊन बसायचा आणि संध्याकाळी पाण्यात हात घातला की डोळ्यांत टचकन पाणी यायचं.

धाकटा आला तेव्हा ती दोघं या अवस्थेत होती. गाडी त्याने लांब रस्त्यावरच लावली. पांढरे बूट सांभाळत तो पक्क्या विटांच्या एका ढिगावर चढून उभा राहिला. चिखलात उतरायचं नाही आणि वर उभं राहून बोलायचं, म्हणजे दोन्ही गोष्टी साधल्या.

"माल कुठे आहे, दादा?"

थोरल्याने एक पाय चिखलातून वर काढून दाखवला. "हा काय, पायाला लागलाय."

"माझे गवंडी हातावर हात धरून बसलेत."

"आभाळाला विचार की."

"आभाळाने मला अंगठा दिला नव्हता. तू दिलास." धाकट्याने खिशातून फोन काढला आणि शाळेत धडा वाचावा तसा मोठ्याने वाचायला लागला. "'दादा, या हंगामाचा सगळा माल माझ्या कामावर. दुसऱ्या कुणाला वीट द्यायची नाही. ऊन-पावसाची सबब चालणार नाही. माल मुदतीत आला नाही तर पुढच्या हंगामापासून भट्टी मी चालवीन आणि मशीन बसवीन. तुला आणि वहिनींना हवं असेल तर कामावर ठेवीन. मान्य असेल तर कळव.' आणि हा बघ खाली अंगठा. मुदत संपत आली."

थोरलीच्या हातातला गोळा साच्याबाहेर पडला.

"असं कधी लिहिलं होतंत, भाऊजी?"

"अंगठा दिलात तेव्हाच, वहिनी."

तो दिवस तिला आठवला. फोन शेडच्या खांबाला खिळ्यावर, प्लास्टिकच्या पिशवीत टांगलेला असायचा. चिखलाच्या हातांनी तो बाहेर काढणार कोण? निरोप आला की ती उठायची, पिशवीवरूनच बोटाच्या सांध्याने निरोप दाबून धरायची. चित्रांची ओळ उमटायची. त्यातलं पहिलं चित्र अंगठ्याचं. तेच दाबलं जायचं आणि ती परत साच्यापाशी येऊन बसायची. सगळा माल माझ्या कामावर, इतकं तिने वरवर वाचलं होतं आणि तिला बरंच वाटलं होतं. खालचं वाचायला 'आणखी' असं लिहिलेल्या जागी दाबावं लागतं. तिथे तिने दाबलं नाही, कारण रात्री हात धुतल्यावर नीट बघू असं तिने ठरवलं होतं. रात्री हात धुतल्यावर ती आडवी झाली.

"तो अंगठा वाचल्याचा नाही," थोरली म्हणाली. "पोचल्याचा आहे. तुम्हाला माहीत नाही का?"

"मला एवढंच माहीत आहे की अंगठा म्हणजे हो. सगळ्या जगात." धाकट्याने फोन खिशात टाकला. "मी माणूस म्हणून विचारायला आलो होतो, दादा. राजीखुशीने सोडतोस का?"

थोरल्याने फावडं उचललं. मारायला नाही, पण उचललं. धाकटा ढिगावरून घाईघाईने उतरला आणि एक पांढरा बूट चिखलात रुतलाच. तो उपसून काढताना त्याच्या तोंडून जे निघालं ते आईने ऐकलं असतं तर त्याही वयात कानाखाली बसली असती.

सगळ्या जगाचं धाकट्याने कशाला सांगावं? तो याच मैदानात वाढला होता. इथे अंगठ्याचा अर्थ आबांनी ठरवला होता. कोपरापर्यंत चिखलात असताना कुणी लांबून हाक मारली की आबा मान वर न करता अंगठा वर करायचे. म्हणजे ऐकलं, आता काम करू दे. हो की नाही ते हात धुतल्यावर. बाहेरच्या माणसांचा फार घोळ व्हायचा. खुद्द धाकट्याचाही झाला होता. शाळेच्या सहलीला जाऊ का म्हणून त्याने कुंपणापासून ओरडून विचारलं, आबांनी अंगठा वर केला, आणि पोरगं जाऊन तीन दिवस भटकून आलं. आल्यावर आबांनी त्याला फोडून काढलं. 'मी ऐकलं म्हणालो होतो, जा कुठे म्हणालो?' ही गोष्ट घरात इतक्या वेळा सांगून झाली होती की पोरांना ती पाठ होती, आणि धाकटा स्वतःच ती सगळ्यांत रंगवून सांगायचा. पुढे फोन आले. हाकेच्या जागी निरोप आले. थोरलीने आबांचा अंगठा उचलून फोनमध्ये ठेवला, एवढंच तिचं चुकलं.

धाकट्याच्या वकिलाची नोटीस आली तेव्हा मुदत उलटून गेली होती. थोरल्याने ती वाचून घडी घालून खिशात ठेवली आणि दिवसभर कुणाशी बोलला नाही. तो असा गप्प झाला की तिला धडकी भरायची. ओरडणारा माणूस परवडतो.

वकिलाची खोली टायरच्या दुकानावर होती. जिना चढताना रबराचा वास नाकात बसायचा तो खोलीतही सोडत नसे. वकील तरुण होता, सर्दीने बेजार. दोघांना बसायला सांगताना त्याने आधी खुर्च्यांवर वर्तमानपत्राचे कागद अंथरले. दोघंही आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून आली होती. थोरलीने आपले हात मांडीवरच्या पिशवीखाली सरकवले.

"पूर्वी अंगठा उठवला की घरंदारं जायची," वकील शिंकून म्हणाला. "आता दाखवला तरी जातात."

कुणी हसलं नाही. त्याने रुमाल खिशात घातला आणि कामाला लागला.

"वाचलं नव्हतं म्हणता, ते टिकणार नाही. न वाचता केलेली सहीसुद्धा सहीच असते. अंगठा नवऱ्याने नाही, बायकोने दाबला म्हणाल, तर कायम याच उत्तर देतात आणि तुम्ही त्याप्रमाणे माल पाठवता. मग ते उत्तर तुमचंच. भट्टी दोघा भावांची, तेव्हा चालवायची कुणी हे दोघांनी आपसात ठरवलं तर ते ठरलंच."

"पण अंगठ्याने?" थोरला म्हणाला.

"अंगठ्याने, मान हलवून, कशानेही. कागदच पाहिजे असं प्रत्येक गोष्टीला नसतं. समोरच्याला वाजवी माणूस म्हणून काय समजलं, ते बघतात. आणि तुमच्या भावाने हे जोडलंय बघा." त्याने कागदांचा गठ्ठा पुढे केला. "इतक्या हंगामांत त्यांनी विटा मागवल्या, तुम्ही अंगठा दिलात, माल गेला. दरवेळी. अंगठा म्हणजे हो, असं तुमच्याच वागण्याने ठरलंय."

"द्यायचा होता म्हणून माल दिला," थोरली म्हणाली. "अंगठा दिला म्हणून नाही."

"हे तुम्ही मला सांगताय. दाखवणार काय?" वकील पुढे वाकला. "तुम्ही अंगठा दिलाय आणि त्याचा अर्थ हो असूच शकत नाही, असा एखादा निरोप दाखवा. एकच. त्यांनी पाठवलेला."

थोरली नवऱ्याकडे बघायला लागली. थोरला खिडकीबाहेर बघत होता. खाली कुणीतरी टायर जमिनीवर आपटत होतं.

"नाही," थोरला म्हणाला. "तसा काही नाही."

घरी आल्यावर तिने ताटं वाढली, दोन घास खाल्ले आणि मग तिला राहवेना.

"खोटं का बोललात?"

"जेव."

"आहे तो निरोप. तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, त्यांना तर पाठच आहे."

थोरल्याने ताट पुढे ढकललं. "तो दाखवायचा नाही. भट्टी गेली तरी चालेल. चार परक्या माणसांसमोर माझ्या बापाचं मरण काढायचं नाही."

आबा शेवटी धाकट्याकडे होते, दवाखान्यात. त्या सकाळी दोघं विटा थापत होती. फोन वाजला. निरोप दोन शब्दांचा होता. 'आबा गेले.' थोरलीने तो वाचला आणि बोटाचा सांधा त्यावर दाबला, जसा रोज दाबायची तसा. पोचलं. निघतो. काय दाबलं ते तिला कळलंही नाही. तिने नवऱ्याला हाक मारली. दोघं हात न धुता, अंगावरच्या कपड्यांनिशी मिळेल त्या गाडीने गेली. ती दारात पोचली तेव्हा धाकटा तो फोन जमलेल्या पाहुण्यांत फिरवत होता. बाप गेल्याचं कळवलं तर हे उत्तर आलं बघा. म्हणजे बरं झालं म्हणायचंय दादाला. भट्टी मोकळी झाली ना. पाहुण्यांनी थोरल्याच्या चिखलाच्या हातांकडे बघितलं, फोनकडे बघितलं आणि माना फिरवल्या. कुणी त्याला खांदा द्यायला पुढे हो म्हणालं नाही. तो स्वतःच झाला.

"तो अंगठा माझा आहे," थोरली म्हणाली. "तुमचा नाही. दाखवायचा की नाही ते मी ठरवणार."

"अगं, पुन्हा तेच ऐकून घ्यायचं?"

"मग काय, त्याच्या हाताखाली मजुरी करायची? त्याच्या मशीनला तेल घालायचं? आबांनी तुमच्या हातात दिलेली भट्टी आहे. मला लाज वाटते, रोज वाटते, पण लाज राखायला भट्टी देणार नाही मी."

थोरला उठून बाहेर गेला. बराच वेळ त्याच्या फावड्याचा आवाज येत होता. दिवेलागणीला कुणी माती खणत नाही, पण तो खणत होता.

तडजोडीची खोली कोर्टाच्या मागच्या इमारतीत होती. लांब टेबल, वर करकरणारा पंखा आणि सहसा न चिडणारा, कान देऊन ऐकणारा चेहरा असलेल्या एक बाई. दोन्ही बाजूंचं ऐकून मधला रस्ता काढणं हे त्यांचं काम. धाकटा आणि त्याचा वकील आधीच बसले होते. धाकट्याने भावाला बसायची जागा दाखवली, जणू खोली त्याचीच.

त्याच्या वकिलाने एकेक निरोप वाचला. विटा पाठव, अंगठा. नीट भाजलेल्या हव्यात, अंगठा. सकाळी गाडी येईल, अंगठा. बाई टिपून घेत होत्या. थोरलीला वाटलं, आपलंच बोट कुणीतरी पुन्हा पुन्हा धरून दाबतंय.

"यावरून तर अंगठा म्हणजे होकारच दिसतो," बाई म्हणाल्या. "तुमचं काय म्हणणं आहे?"

सर्दीवाल्या वकिलाने थोरल्याकडे पाहिलं. थोरल्याने मान खाली घातली. थोरलीने फोन पिशवीतून काढला, तो निरोप शोधून ठेवलेलाच होता, आणि टेबलावरून सरकवला. मधे कुणी हात लावला नाही. फोन धाकट्याच्या पुढ्यात जाऊन थांबला.

"हा वाचा, भाऊजी. तुम्हीच वाचा."

धाकट्याने एक नजर टाकली आणि त्याचा चेहरा पार बदलला. "याचा इथे काय संबंध?"

"वाचा."

"लाज आहे का काही?"

बाईंनी फोन उचलला, वाचला आणि हळूच खाली ठेवला. "हा निरोप तुम्ही पाठवला होता?"

"हो."

"आणि त्यावर हा अंगठा आला. तुम्ही त्याचा अर्थ काय घेतलात?"

धाकट्याचा वकील काही बोलायला गेला. धाकट्याने त्याला हाताने थांबवलं. "बरं झालं, असा घेतला. सगळ्या पाहुण्यांनी तसाच घेतला. बाप मेला आणि यांनी अंगठा दाखवला. आजही मी तसाच घेतो. त्यांना तेच म्हणायचं होतं."

पंखा करकरत राहिला. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती उठणार तेवढ्यात थोरला बोलला. खाली बघूनच बोलला.

"सहलीचं सांग त्यांना."

"कसलं?"

"तुझ्या सहलीचं. आबांनी अंगठा वर केला, तू गेलास, आल्यावर काय झालं ते. तू नेहमी सांगतोस तसं सांग. हावभाव करून."

  बाईंनी पेन खाली ठेवलं.

"सांगायचं नसेल तर मी सांगते," थोरली म्हणाली.

"काही गरज नाही!" धाकट्याने टेबलावर हात आपटला. "पोचलं. पोचलं एवढाच अर्थ आहे. आबांचा अंगठा म्हणजे ऐकलं. मला माहीत आहे. मला यांनी शिकवायची गरज नाही, मी त्याच चिखलात मोठा झालोय." तो बाईंकडे न बघता भावाकडे बघत होता. "पण त्या दिवशी मी एकटा होतो, दादा. दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून होतो. मला कुणीतरी काहीतरी म्हणायला पाहिजे होतं. एक शब्द. आणि मला काय आलं? पोचलं."

थोरल्याने आपले हात टेबलावरून खाली घेतले.

"हात चिखलात होते, भाऊजी," थोरली म्हणाली. "आम्ही धावत आलो होतो."

"तुमचे हात कायम चिखलातच असतात, वहिनी."

क्षणभर तिला वाटलं की आता यातून काहीतरी निघेल, दोघांपैकी एक उठेल. पण धाकट्याचा वकील खाकरला, बाईंनी पेन उचललं आणि तो क्षण गेला. जे तोंडातून निघालं ते निघालं होतं. बाईंनी दोन्ही वकिलांना समजावून सांगितलं की निरोप पाठवणाऱ्यालाच या अंगठ्याचा अर्थ ठाऊक होता, तेव्हा पुढे लढण्यात त्याला अर्थ नाही. मग कागद तयार झाला. भट्टी थोरलाच चालवील. विटांसाठी धाकटा दुसरीकडे बघेल. आणि पुन्हा असा घोळ नको म्हणून सर्दीवाल्या वकिलाने हौसेने एक कलम घालून घेतलं. उभयतांच्या आपसातल्या निरोपांत अंगठ्याच्या चिन्हाचा अर्थ निरोप पोचला एवढाच राहील, त्यातून दुसरा कोणताही अर्थ कुणी काढणार नाही. बाईंनी ते मोठ्याने वाचलं. दोघा भावांनी सह्या केल्या. थोरल्याची सही वाकडी आली, कारण पेन धरायची त्याला सवय नव्हती.

बाहेर व्हरांड्यात धाकटा थांबला होता. थोरलीला वाटलं, बोलायला थांबलाय. बोलायलाच थांबला होता.

"जिंकलात. छान झालं. आता माझ्या दारात पाय ठेवायचा नाही. दोघांनीही."

"आणि आई?" थोरला म्हणाला.

"आईचं मी बघतो. काय असेल ते फोनवर विचार. समोर नको."

"दर सुट्टीला मी येते त्यांना न्हाऊ घालायला," थोरली म्हणाली. "त्यांना दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही. नखं तर कुणाकडून कापून घेत नाहीत."

"चालवून घेईल. बाई ठेवलीय मी." तो जिना उतरून गेला. बूट नवे होते, आताही पांढरेच.

त्यानंतर थोरली एकदा गेली. खालच्या पहारेकऱ्याने वर फोन लावला, ऐकलं आणि मान हलवली. तिने नेलेला डबाही त्याने घेतला नाही. ती समोरच्या फुटपाथवर उभी राहून वरच्या खिडक्या मोजत राहिली, पण कुठली खिडकी सासूची ते तिला बाहेरून ओळखता येईना. भट्टी राखली म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याने त्यांना शाबासकी दिली होती. तिथे उभं असताना तिला त्या सगळ्यांचा राग आला.

कामाने मात्र दम घेऊ दिला नाही. नव्याने थापलेल्या विटा वाळल्या, आडव्याच्या उभ्या झाल्या, भट्टीत रचल्या गेल्या. थोरल्याने स्वतः उतरून खालचे थर लावले. त्यांची मुलगी शाळेतून आली की कोळशाच्या टोपल्या द्यायला उभी राहायची. मग एका सकाळी भट्टी पेटली. वरच्या फटींतून पहिला धूर निघाला तेव्हा थोरला बराच वेळ त्याच्याकडे बघत होता. आई इथे राहायची तेव्हा या वेळेला ती नेहमी खाट बाहेर आणायला लावायची. धूर सरळ चाललाय की वाकडा, ते तिला बघायचं असायचं आणि तिचं म्हणणं कधी चुकायचं नाही.

थोरला हौदावर गेला. कोपरापर्यंत हात धुतले, नखांतला चिखल काडीने काढला, सदऱ्याला पुसले. खांबावरच्या पिशवीतून फोन बाहेर काढला. आजवर त्याने तो कधी हातात धरला नव्हता. एकेक अक्षर शोधत त्याने लिहिलं आणि पाठवायच्या आधी बायकोला वाचून दाखवलं.

"'भट्टी पेटवली. धूर सरळ आहे. आई कशी आहे?' बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे. पाठवा."

त्याने पाठवलं आणि फोन परत पिशवीत न ठेवता हातातच धरून तो खांबाला टेकून उभा राहिला. थोरली साच्यापाशी बसली होती, पण तिचा हात चालत नव्हता. भट्टी तडतडत होती. बऱ्याच वेळाने फोन वाजला.

"काय म्हणतो?" तिने विचारलं.

थोरल्याने फोन तिच्यासमोर धरला. अंगठा होता. बाकी काही नाही.

"म्हणजे बरी आहे म्हणायचं का?" तो म्हणाला.

हो म्हणावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सह्या केलेला कागद घरात पेटीत होता आणि त्यातला शब्दन् शब्द तिला पाठ झाला होता.

"म्हणजे पोचलं," थोरली म्हणाली.

"आणि?"

"आणि काही नाही."

थोरला आपले धुतलेले हात घेऊन तसाच उभा राहिला. मग त्याने फोन पिशवीत घालून खिळ्याला अडकवला, तिच्या शेजारी बसला आणि दोन्ही हात चिखलात घातले.